सीरोसच्या दोन टेकड्या: आनो सीरोस कुठलं आणि व्रोंदादो कुठलं?

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघालेली बोट साडेतीन-चार तासांनी ग्रीसच्या सीरोस बेटाच्या बंदरात शिरू लागली की समोर दोन टेकड्या दिसतात. दोन्हींवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत घरं आणि दोन्हींच्या माथ्यावर एकेक चर्च. खाली बंदराभोवती एर्मूपोली शहर पसरलेलं. डेकवरून पाहताना हे सगळं एकच जुनं गाव वाटतं. त्यामुळे बरेच प्रवासी जवळ दिसणारी टेकडी चढतात, फोटो काढतात आणि ‘आनो सीरोस पाहिलं’ असं समजून पुढच्या बोटीने निघून जातात. प्रत्यक्षात ते व्रोंदादोला जाऊन आलेले असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. बंदराकडून पाहताना डावीकडची, थोडी मागे सरलेली आणि जास्त उंच टेकडी आनो सीरोसची. तिच्या टोकावर सेंट जॉर्जचं कॅथलिक कॅथेड्रल आहे. स्थानिक लोक त्याला सान जॉर्जी म्हणतात. उजवीकडची टेकडी व्रोंदादोची. तिथला मोठा घुमट अनास्तासी या ऑर्थोडॉक्स चर्चचा, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या नावाने बांधलेल्या देवळाचा. उजवीकडे घुमट दिसला की डावीकडे कॅथेड्रल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण या दोन वस्त्यांत अंतर आहे ते सुमारे सहाशे वर्षांचं, आणि ते समजून घेतल्याशिवाय सीरोस कळत नाही.

1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि एजियन समुद्रातली बेटं व्हेनिसच्या कॅथलिक सरदारांच्या हाती गेली. त्यांतल्या मार्को सानुदोने नाक्सोस बेटावर आपली डची, म्हणजे सरदारी राज्य, स्थापन केली. सीरोस तिच्यात आलं आणि टेकडीवर आनो सीरोस उभं राहिलं. त्या काळी किनाऱ्यावर राहणं म्हणजे चाच्यांना आमंत्रण देणं होतं, म्हणून सगळं बेट या एका टेकडीवर एकवटलं. वेगळी तटबंदी बांधलीच नाही. कडेची घरं एकमेकांना चिकटवून बांधली आणि त्यांच्या मागच्या भिंतींचाच तट झाला. आत जायला मोजक्या वेशी, त्यांतली मुख्य कामारा. आतले रस्ते दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढे अरुंद. मध्येच रस्ता एखाद्या घराच्या खालून जातो. अशा छत असलेल्या बोळांना तिथे स्तेगादिया म्हणतात. भर उन्हात त्यांच्यात शिरलं की एकदम गारवा लागतो. हल्ला करणाऱ्याला मात्र याच बोळांत वाट सापडत नसे.

तरीही हल्ले झालेच. 1537 मध्ये ऑटोमन आरमाराचा प्रमुख बार्बारोसा इथे आला. 1617 मध्ये ऑटोमन सैनिकांनी इथल्या कॅथलिक बिशपला फासावर लटकवलं. एवढं होऊनही गाव कॅथलिकच राहिलं, आणि यात फ्रान्सच्या राजांनी दिलेल्या संरक्षणाचा वाटा मोठा होता. 1635 मध्ये कापुचिन साधूंचा मठ इथे स्थापन झाला, पुढच्या शतकात जेझुइटांचा. दोन्ही मठ आजही गावातच, चढाच्या वाटेवर आहेत.

या फ्रेंच संरक्षणामुळेच शेजारची टेकडी वसली. 1821 मध्ये ग्रीकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला, पण सीरोसचे कॅथलिक त्यात उतरले नाहीत. बेट तटस्थ राहिलं. 1822 मध्ये खिओस बेटावर भयंकर कत्तल झाली, 1824 मध्ये कासोस आणि प्सारा बेटं उद्ध्वस्त झाली. तिथून आणि आशिया मायनरच्या किनाऱ्यावरून जीव वाचवून निघालेले ऑर्थोडॉक्स निर्वासित सीरोसच्या मोकळ्या किनाऱ्यावर उतरले. त्यांत व्यापारी होते, जहाजमालक होते, सुतार होते. त्यांनी बंदराशी नवं शहर उभारलं आणि व्यापाराचा देव हर्मीस याच्या नावावरून त्याला एर्मूपोली म्हटलं. वस्ती वाढत उजव्या टेकडीवर चढली, तेच व्रोंदादो. खिओसवरच्या व्रोंदादोस गावाचं नाव तिथल्या लोकांनी इथे आणलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एर्मूपोली हे ग्रीसचं सर्वांत महत्त्वाचं बंदर होतं. पुढे पिरेअसने ते स्थान घेतलं.

म्हणून व्रोंदादोला मध्ययुगीन गाव म्हणणं चूकच आहे. तिथे वेशी नाहीत, भूलभुलैया नाही. जिने थेट वर जातात, कारण या वस्तीला कुणापासून लपायचं नव्हतं. खालचा म्याऊली चौक, एर्न्स्ट झिलरने आराखडा केलेलं भव्य नगरभवन, 1864 मध्ये सुरू झालेलं अपोलो नाट्यगृह हे सगळं त्याच निर्वासितांच्या कर्तबगारीतून उभं राहिलं. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी पन्नासेक वर्षांत एवढं करावं, याचं मला फार मोल वाटतं.

चर्चच्या आत गेलात तर फरक लगेच दिसतो. अनास्तासीत वेदीपुढे चित्रप्रतिमांची उंच भिंत आणि घुमटाखाली मोकळी जागा. सान जॉर्जीत बाकांच्या रांगा आणि संतांचे पुतळे. छातीवर क्रूसाची खूण करताना ऑर्थोडॉक्स माणसाचा हात उजव्या खांद्याकडून डावीकडे जातो, कॅथलिकाचा डावीकडून उजवीकडे.

वेळ एकाच टेकडीपुरता असेल तर आनो सीरोसला जा, असंच मी सांगेन. बंदरावरून बस वर जाते. बसने वर जाऊन पायी खाली उतरणं गुडघ्यांना सोसतं; भर दुपारी उलटं करू नका. गाडी आत जातच नाही. पियात्सा या मुख्य बोळावर दुकानं आणि खानावळी आहेत. तिथे बेटाचं सान मिखाली चीज आणि बडीशेप घातलेलं सॉसेज मिळतं. रेबेतिको या ग्रीक लोकसंगीतातला थोर बुझुकीवादक (बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य) मार्कोस वामवाकारिस 1905 मध्ये याच गावात, कॅथलिक घरात जन्मला. पुढे पिरेअसला गोदीत हमाली करत तो मोठा झाला, पण आपल्या सर्वांत लोकप्रिय गाण्यात त्याने सीरोसच्याच गावांची नावं गुंफली. त्याचं छोटं संग्रहालय इथे आहे.

व्रोंदादो संध्याकाळसाठी ठेवा. अनास्तासीच्या आवारातून समोरची आनो सीरोसची टेकडी पूर्ण दिसते. पायथ्यापासून सान जॉर्जीपर्यंत एकावर एक चढत गेलेली घरं पाहायला याहून चांगली जागा नाही. उतरताना बंदरावर लुकुमी घ्या. गुलाबाच्या वासाची ही मिठाई करण्याची कला खिओसच्या निर्वासितांबरोबर इथे आली.

बेटावर आज जवळपास निम्मे लोक कॅथलिक आहेत. घरोघरी दोन्ही पंथांतली लग्नं झालेली आहेत आणि ईस्टर दोघेही एकाच दिवशी, ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे साजरा करतात. त्या आठवड्यात दोन्ही टेकड्यांवर मिरवणुका निघतात. तेव्हा जायचं असेल तर तारीख आपल्याकडच्या कॅलेंडरवरच्या ईस्टरवरून ठरवू नका. 2027 मध्ये रोमचा ईस्टर 28 मार्चला आहे आणि सीरोसचा 2 मे रोजी. बोटीची तिकिटं आणि खोली त्या हिशेबाने बरीच आधी घ्या, कारण त्या दिवसांत अथेन्सहूनही लोक मोठ्या संख्येने बेटावर येतात.