'सेमी'च्या वर्गात अनेकार्थी शब्द : पार्श्वभूमी

एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ सांगणाऱ्या कोशांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशात एकेका शब्दाखाली अनेक अर्थ सापडतात, आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक पुण्याच्या संस्कृत कॉलेजचे काम पाहत होता. पुढे 1953 साली सुमारे 2000 नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी निघाली. शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही तिच्यात होते. तिच्या संपादकाने बंगालमध्ये वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवण्याचे काम केले होते. शब्द मोजके ठेवण्याचे तत्त्व आपल्या पाठ्यपुस्तकांत आले, कोणता अर्थ आधी शिकवायचा हा प्रश्न मागेच राहिला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात मिळणाऱ्या गाइडांनी तर तो सोडूनच दिला : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. त्यावर वाद पुष्कळ झाला. अर्थांच्या दृष्टीने मात्र मोठा बदल सेमी इंग्रजीने घडवला, आणि त्यावर त्या मानाने फारच कमी बोलले गेले.

मुळात 'सेमी' म्हणजे काय, इथूनच घोळ आहे. आपल्या मुलाचे इंग्रजी आता निम्मे तरी पक्के होणार, असे अनेक पालक समजतात. प्रत्यक्षात गणित आणि विज्ञान तेवढे इंग्रजीतून असते. इंग्रजी हा विषय मराठी माध्यमाचाच राहतो, पुस्तकही तेच. म्हणजे भाषा पूर्वीच्याच वेगाने शिकायची आणि तिच्यातून दोन अवघड विषय समजून घ्यायचे. 'पॉवर' गणितात घात, विज्ञानात शक्ती आणि इंग्रजीच्या धड्यात सत्ता. 'सोल्यूशन' एका तासाला उकल, पुढच्या तासाला द्रावण. त्रिकोणाचा 'बेस' पाया असतो, रसायनातला आम्लारी. मराठीत या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे, म्हणून मराठी माध्यमात हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

सेमी पूर्वी आठवीपासून असे, तेव्हा घात, द्रावण या कल्पना आधी मराठीतून डोक्यात बसलेल्या असत. इंग्रजी शब्द त्यावर चढे. नंतर ते पाचवीवर आले आणि बऱ्याच शाळांत थेट पहिलीवर. पुण्यातल्या मराठी शाळांना पट टिकवायचा होता, त्यांची अडचण खरी होती. तरीही आठवीची रचनाच शहाणपणाची होती. पहिलीपासून सेमीत बसलेल्या मुलाला 'सोल्यूशन' दोनदा भेटते आणि दोन्ही वेळा त्याच्या हाताशी मराठी शब्द नसतो.

त्यानंतर पहिलीच्या पुस्तकांत मराठी शब्दांशेजारी इंग्रजी शब्द देण्याचा प्रयोग झाला. तिथेही बहुधा एका शब्दाला एकच जोडीदार मिळतो. आणि 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात शब्द एकटाच छापलेला असतो. कोणताही बरोबर अर्थ घेऊन केलेल्या वाक्याला गुण मिळतात, त्यामुळे मुलाला त्याचे बाकीचे अर्थ येतात की नाही, हे परीक्षेत कधी दिसतच नाही.