स्टॉक जुळवणं वेगळं, साइट जुळवणं वेगळं

छर्रे सारखे डावीकडे खाली पडायला लागले की नव्या नेमबाजाचा हात आधी पीपसाइटच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भोकाच्या साइटच्या, नॉबकडे जातो. दोन क्लिक वर, तीन क्लिक उजवीकडे. पुढचे पाच छर्रे बरे पडतात आणि विसाव्यापर्यंत पुन्हा तोच घोळ. माझं पहिलं वर्ष असंच नॉब फिरवण्यात गेलं. साइट बिचारी ठीक होती. रायफलच अंगाला बसलेली नव्हती.

दोन्ही कामांना आपण ‘रायफल सेट करणं’ म्हणतो आणि तिथेच गल्लत होते. स्टॉक, म्हणजे रायफलचा हातात आणि खांद्याला धरायचा भाग, जुळवायचा तो शरीराशी: खांदा, गाल, हात. साइट जुळवायची ती छऱ्याशी: नेम जिथे धरला तिथेच छर्रा पडावा म्हणून. १० मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा, तर छर्रा ४.५ मिमीचा. गालाचा दाब जरासा बदलला तरी कागदावर दिसतो.

स्टॉक बसलाय का, हे छर्रा न उडवताच कळतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन-तीन श्वास सोडून अंग सैल होऊ द्या. आता डोळे उघडा. बॅरलच्या तोंडाकडच्या फोरसाइटची नळी पीपच्या भोकात मधोमध दिसते का? तिच्याभोवतीची उजेडाची कडी सगळीकडून सारखी हवी. वर बारीक आणि खाली जाड अशी दिसली तर डोळ्याची उंची चुकली आहे. तिथे चीकपीस, म्हणजे स्टॉकवरचा गाल टेकायचा भाग, हलवायचा. मान ताणून कडी सारखी करणं सोपं वाटतं खरं, पण साठ शॉट्सच्या मॅचमध्ये मान शेवटपर्यंत तेवढीच ताणलेली राहत नाही.

कडी नीट आहे, पण रायफल टार्गेटच्या बाजूला रोखलेली आहे? मग पायांची जागा बदला. वर रोखली जात असेल तर खांद्याला टेकणारी बटप्लेट स्टॉकवर थोडी खाली घ्या. प्लेट खांद्यात तिथेच राहते, रायफलचा मागचा भाग उचलला जातो आणि बॅरलचं तोंड खाली येतं. खाली रोखली जात असेल तर उलट. बटची, म्हणजे स्टॉकच्या मागच्या भागाची, लांबी मात्र ट्रिगरवरच्या बोटावरून ठरवा: मनगट न वळवता पहिलं पेर ट्रिगरवर सरळ यायला हवं.

हे सगळं झाल्यावरच साइट. तिचं काम सरळ आहे. ग्रुप, म्हणजे कागदावरचा छऱ्यांचा पुंजका, घट्ट पण मध्यापासून दूर असेल, तर ग्रुप जिकडे न्यायचाय तिकडेच पीपसाइट सरकवा. ग्रुप उभा पसरला असेल तर नॉबला हातही लावू नका. पसरलेला ग्रुप क्लिक देऊन घट्ट होत नाही, नुसता जागा बदलतो.

फसवणारा एक प्रकार आहे. पोझिशन चुकलेली असूनही ताज्या दमाचे स्नायू रायफल ओढून धरतात आणि पहिले दहा छर्रे सुरेख एका जागी पडतात. त्यावर झिरो केलं, म्हणजे साइट जुळवून पक्की केली, की पुढचा सगळा खेळ थकव्यासोबत सरकत जातो. म्हणून मी झिरो करण्याआधी डोळे मिटून पुन्हा एकदा तपासते. स्टॉकमध्ये बॅरल-ॲक्शन (बॅरल आणि तिच्यामागची यंत्रणा) धरणारे स्क्रूही ॲलन कीने बघून घेते. ते ढिले असले तर झिरो रोज वेगळा येतो.

चीकपीस दोन मिलिमीटर जरी हलवला, तरी झिरो नव्याने तपासावा लागतो. जुन्या जागेवर पेन्सिलने खूण करून ठेवा.