कणातला पीळ आणि विखुरलेला प्रकाश

प्रकाशाच्या ध्रुवणाचे प्रतल, म्हणजे त्याची कंपने ज्या प्रतलात होतात ते, पदार्थातून जाताना वळते, हे १८११ मध्ये आरागो यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात दिसले. चार वर्षांनी बियो यांना तेच टर्पेंटाइनसारख्या द्रवांत आढळले, म्हणजे कारण स्फटिकाच्या मांडणीत नव्हे, रेणूतच असायला हवे होते. १८४८ मध्ये पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे उजवे-डावे स्फटिक भिंगाखाली हाताने निवडले. कायरॅलिटीची, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारख्या पण एकमेकांवर न बसणाऱ्या उजव्या-डाव्या रूपांची, कथा बहुधा इथूनच सांगतात.

अशा उजव्या-डाव्या कणांकडून होणाऱ्या प्रकीर्णनाचा, म्हणजे प्रकाश विखुरण्याचा, खरा पूर्वज मात्र मला जगदीशचंद्र बोस यांचा १८९८ चा प्रयोग वाटतो. त्यांनी तागाच्या जुड्यांना पीळ दिला, काहींना उजवा, काहींना डावा, आणि त्यांतून सूक्ष्मतरंग सोडले. ध्रुवणाचे प्रतल पिळाच्या दिशेप्रमाणे वळले. दोन्ही प्रकारच्या जुड्या सारख्या संख्येने मिसळल्या, तेव्हा वळण नाहीसे झाले. तरंगलांबी मिलिमीटर-सेंटिमीटरची होती, म्हणून ‘रेणू’ बोटांनी वळता येण्याइतका मोठा करता आला. पुढच्या दोन दशकांत फिनलंडमध्ये लिंडमन यांनी हेच तांब्याच्या तारेच्या सर्पिलांवर तपासले.

प्रश्न मुळात मापाचा आहे. काही नॅनोमीटरचा रेणू दृश्य प्रकाशाच्या, म्हणजे सुमारे ५०० नॅनोमीटरच्या तरंगापुढे नगण्य ठरतो. उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाला (ज्याची कंपनदिशा पुढे जाताना उजवीकडे किंवा डावीकडे फिरत राहते) तो देत असलेल्या प्रतिसादांतला फरक सहसा हजारात एक भागाहूनही कमी असतो. पिळाच्या एका फेऱ्याची लांबी तरंगलांबीच्या जवळ आली की फरक वाढतो, आणि विखुरण्याच्या कोनानुसार त्याचे चिन्हही उलटू शकते.

गोल कणाचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी (Mie) यांनी १९०८ मध्येच सोडवले होते, पण त्यात उजवे-डावे नव्हते. ती भर क्रेग बोरेन यांनी १९७४ मध्ये घातली; अर्थात त्यांचा कण गोलच होता, पीळ फक्त त्याच्या द्रव्यात होता. आकारातच पीळ असलेला कण निसर्गाने पुरवला: एका ऑक्टोपसच्या शुक्राणूचे सर्पिलाकार डोके. १९८२ मध्ये माएस्त्रे, बुस्तामांते, टिनोको आणि सहकाऱ्यांनी त्याच्याकडून उजवा आणि डावा प्रकाश कोनागणिक कसा वेगळा विखुरतो, ते मोजले.

विखुरलेला प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित दिसला म्हणून कण कायरल, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. एकाच दिशेला तोंड करून रांगेत असलेले साधे, पीळ नसलेले लांबट धूलिकणही तसा प्रकाश देऊ शकतात. त्यामुळे कण द्रवात वाटेल त्या दिशेला तोंड करून मोकळे तरंगत ठेवायचे, त्यांच्यावर पडणारा प्रकाश आलटून पालटून उजवा-डावा करायचा आणि एकदाच विखुरलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेतला फरक पाहायचा, ही पद्धत जास्त भरवशाची.