अतिदक्षता विभागातील कार्यताण

अतिदक्षता विभागात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या आयसीयूत, काम करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ आणि मामा-मावशी (वॉर्डातील मदतनीस कर्मचारी) यांच्यावर कामाच्या स्वरूपामुळे व त्याहूनही अधिक कामाच्या व्यवस्थेमुळे येणारा शारीरिक व मानसिक ताण.

या विभागाचे मूळ १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत आहे. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून हाताने हवा देण्याची पद्धत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी तेथे सुरू केली. यंत्रे पुरेशी नसल्याने वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रुग्णाच्या उशाशी बसून, रबरी पिशवी तासन्‌तास दाबत राहिले. हात थांबला तर श्वास थांबेल, ही त्यांची धास्ती यंत्रे आली तरी संपलेली नाही. रक्तदाब टिकवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन हे औषध सिरिंज पंपातून अगदी सावकाश जात असते. सिरिंज संपण्याआधी दुसरी भरून तयार ठेवावी लागते, कारण बदलताना थोडा खंड पडला तरी रक्तदाब झपाट्याने कोसळू शकतो. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या खाटेचा मॉनिटर वाजू लागतो. बहुतेकदा ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा (प्रोब) निसटलेला असतो, पण ते पाहिल्याशिवाय कळत नाही. असे शेकडो निरर्थक गजर ऐकून कान बधिर होतात आणि एखादा खरा गजर निसटण्याचा धोका वाढतो.

ताण दीर्घकाळ राहिला तर ‘बर्नआउट’ होते. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीत त्याची तीन अंगे आहेत : भावनिक थकवा, माणसांविषयीचा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही, तर कामाशी निगडित स्थिती मानते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उपाय व्यक्तीत नव्हे, कामाच्या जागी शोधावा लागतो. फ्रान्समध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत अतिदक्षता विभागातील सुमारे निम्मे डॉक्टर आणि एक तृतीयांश परिचारिका तीव्र बर्नआउटने ग्रासलेल्या आढळल्या.

मृत्यू पाहावा लागतो म्हणूनच हा ताण येतो, असा समज सर्वत्र आहे, पण तो अपुरा आहे. योग्य काय ते दिसते, मात्र करता येत नाही, या अवस्थेला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश म्हटले. रुग्ण परत येणार नाही हे उमगूनही नळीतला कफ ओढणे, कूस बदलणे, रक्त काढणे ही कामे सिस्टरच करतात; उपचार कुठे थांबवायचे या निर्णयात मात्र त्यांना क्वचितच विचारले जाते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जीवनरक्षक उपचार थांबवण्यास सशर्त मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, तरी असे निर्णय लांबतात. त्यातच अनेक कुटुंबे बिल स्वतःच्या खिशातून भरतात, आणि त्यांची ओढाताण खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाला रोज दिसते. दुःखाचा संताप झाला की तो समोरच्यावरच निघतो. रुग्णालयांतील हिंसेविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला, तरी मारहाणीचे प्रकार थांबलेले नाहीत.

उपायांत मनुष्यबळाला पर्याय नाही. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा निकष मोडून एकीवर दोन-तीन खाटा सोपवल्या आणि वर डबल ड्यूटी लावली, तर योगासने व समुपदेशन यांचा उपयोग मर्यादितच राहतो. घाई न करता ‘ओव्हर’ (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणे) देता येणे, पाळीत जेवायला खरोखर सुटी मिळणे आणि चूक झाल्यास दोषी शोधण्याऐवजी ती का झाली हे तपासणे, यांनी फरक पडतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी प्रथा रुजवली : रुग्ण दगावल्यावर सर्वांनी क्षणभर खाटेभोवती शांत उभे राहायचे. गर्दीच्या विभागात मात्र तेवढ्यात खाट पुसून पुढच्या रुग्णासाठी चादर घालण्याची घाई सुरू झालेली असते.