रानबेरी ओव्हनमध्ये जाते तेव्हा

उन्हाळ्यात रानात पिकणाऱ्या बेऱ्या आणि डब्यात बंद होऊन येणाऱ्या टपोऱ्या बेऱ्या एकमेकींच्या जागी खुशाल वापरता येतात, असं बहुतेक पाककृती गृहीत धरतात. एक कप म्हणजे एक कप. प्रत्यक्षात रानबेरी घातलेला केक जास्त गडद होतो, जास्त आंबट लागतो आणि कधीकधी त्यात हिरवट डागही उमटतात. मग दोष बेरीवर जातो किंवा करणाऱ्यावर. बिघडलेलं काहीच नसतं, फक्त फळ वेगळं असतं. त्या वेगळेपणाचं पहिलं कारण इतकं साधं आहे की त्याकडे लक्षच जात नाही: आकार.

समजा, रानातल्या ब्लूबेरीचा व्यास 6 मिलिमीटर आहे आणि लागवडीच्या ब्लूबेरीचा 12 मिलिमीटर. व्यास निम्मा झाला की घनफळ आठपट कमी होतं, पृष्ठभाग मात्र चौपटच कमी होतो. म्हणजे एका मोठ्या बेरीच्या वजनाला आठ लहान बेऱ्या लागतात आणि त्या आठ जणींची साल मिळून मोठीच्या दुप्पट भरते. ब्लूबेरीत ही साल फार मोलाची, कारण तिला रंग देणारी अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं जवळजवळ सगळी सालीतच साठलेली असतात. आतला गर फिकट असतो. युरोपातल्या जंगलांत वाढणारी तिची बहीण बिलबेरी तर आणखी एक पाऊल पुढे. तिचा गरही जांभळा, त्यामुळे खाणाऱ्याची जीभ आणि बोटं लपत नाहीत.

टपोरी ब्लूबेरी ही तशी अगदी अलीकडची गोष्ट आहे. या झुडपाला आम्लधर्मी जमीन लागते, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 च्या सुमारास दाखवून दिलं; तोवर चांगल्या सुपीक बागेत लावलेली झुडपं मरत का, हे कळत नव्हतं. त्यांचं काम वाचून न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी 1911 मध्ये त्यांच्याबरोबर काम सुरू केलं. व्हाइट यांनी आसपासच्या बेरी तोडणाऱ्यांना ठरावीक मापाची भोकं असलेल्या पट्ट्या दिल्या आणि त्या भोकात न मावणारी फळं धरणारं रानझुडूप दाखवील त्याला पैसे दिले. अशा निवडक झुडपांच्या संकरातून लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक 1916 मध्ये बाजारात आलं. निवडीची कसोटी पहिल्या दिवसापासून आकाराची होती, हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच काही उलगडतं.

ब्लूबेरीच्या निळेपणाबद्दल एक गंमत आहे. साल पिळून निघणारा रस निळा नसतो, तांबडा-जांभळा असतो. मग फळ निळं कसं? ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने 2024 मध्ये याचा उलगडा केला. फळावर मेणाचा जो पातळ पांढुरका थर असतो, त्यातल्या अतिसूक्ष्म, अस्ताव्यस्त रचलेल्या कणांवरून निळा आणि अतिनील प्रकाश विखुरला जातो. खालच्या गडद सालीच्या पार्श्वभूमीवर तेवढाच रंग डोळ्याला दिसतो. बोटाने मेण पुसलं की बेरी काळपट होते ती म्हणूनच. पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, तेव्हा फळ पिकल्याची ही जाहिरात आपल्यापेक्षा त्यांना अधिक ठळक दिसत असणार. ओव्हनमध्ये मात्र मेण वितळतं, साल फुटते आणि खरा रंग बाहेर येतो. इथून पुढे सगळा खेळ आम्लाचा.

अँथोसायनिनला स्वतःचा असा एक रंग नाही. आम्लात ते लाल असतं, उदासीन द्रवात जांभळ्या-निळ्याकडे झुकतं, आणि द्रव अल्कलीधर्मी झाला की त्याचे काही रेणू तुटून पिवळे होऊ लागतात. निळं आणि पिवळं एकत्र आलं की डोळ्याला हिरवं दिसतं. हा प्रकार फार पूर्वी लक्षात आला होता. रॉबर्ट बॉइल यांनी 1664 मध्ये व्हायोलेट फुलांचं सरबत आम्लात लाल आणि अल्कलीत हिरवं होतं, याची नोंद केली. आम्ल आहे की अल्कली हे ओळखायची ती एक पद्धतशीर चाचणीच होती. पुढे रिचर्ड विलस्टेटर यांनी लाल गुलाबात आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये एकच रंगद्रव्य असल्याचं दाखवलं. वनस्पतींतल्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना 1915 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कॉर्नफ्लॉवरचा रस अल्कलीधर्मी असल्यामुळे ते निळं होतं, असं त्यांना वाटे. ते मात्र चुकीचं ठरलं. त्या फुलात रंगद्रव्याभोवती लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे आयन बांधलेले असतात, आणि ती पूर्ण रचना 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वयंपाकघरात याचा उपयोग एवढाच: लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या उघड्या भांड्यात बेरीचा रस उकळला तर रंग निळसर-करडा पडू शकतो. स्टीलचं भांडं घ्यावं.

आता केकच्या मिश्रणाकडे या. बेरीचा रस चांगलाच आंबट असतो, त्याचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 3 ते 3.5. आजूबाजूच्या मिश्रणात बेकिंग सोडा असेल आणि त्याला पुरून उरेल इतकं आम्ल नसेल, तर उरलेला सोडा मिश्रणाला अल्कलीधर्मी ठेवतो. वर उष्णतेने त्याचं सोडियम कार्बोनेट बनतं आणि ते तर सोड्यापेक्षा कितीतरी जास्त तीव्र अल्कली. रस या मिश्रणात पाझरतो तिथे तिथे हिरवट-निळी कडी उमटतात. खायला ती निर्धोक असतात, पण पाहुण्यांना बुरशी वाटते आणि समजावून सांगेपर्यंत ताटली बाजूला सरकलेली असते. रानबेरीत साल दुप्पट, म्हणून रंगद्रव्य जास्त, आणि बेऱ्यांची संख्या आठपट, म्हणून रस पाझरण्याच्या जागाही जास्त. त्यामुळे लागवडीच्या बेरीबरोबर खपून जाणारा चिमूटभर जादा सोडा इथे लगेच उघडा पडतो.

उपाय सोपा आहे. एक कप ताकाला अर्धा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घालू नये. किंवा सोडा वगळून बेकिंग पावडर वापरावी, कारण तिच्यात सोड्याला पुरेसं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. बेऱ्या अगदी शेवटी, दोन-चार हलक्या हातांनी मिसळाव्यात. ढवळताना फुटलेली प्रत्येक बेरी म्हणजे आधीच सुटलेला रंग.

बेऱ्या तळाशी बसू नयेत म्हणून त्या मैद्यात घोळवा, हा सल्ला सगळीकडे दिसतो. मला तो फारसा पटत नाही. बेरीत बहुतांश पाणी असतं, तर फेटून हवा भरलेलं मिश्रण पाण्याहून हलकं. जड वस्तू हलक्या आणि पातळ मिश्रणात खाली जाणारच, मैद्याचा पातळ थर तिला थोपवणार कसा? ती किती वेगाने बुडते, हे मिश्रणाचा घट्टपणा आणि बेरीची त्रिज्या यांवर ठरतं. स्टोक्सच्या नियमानुसार हा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: त्रिज्या निम्मी, तर वेग एक चतुर्थांश. रानबेरी इतक्या सावकाश खाली सरकते की तोवर अंडी आणि मैदा घट्ट होऊन तिला जागच्या जागी धरून ठेवतात. मिश्रण दाट असलं म्हणजे झालं. लहान असण्याचा हा निखळ फायदा.

रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी यांची गोष्ट वेगळी. दोन्ही फळं इवल्या इवल्या रसाळ गोळ्यांचे झुबके असतात, पण रास्पबेरी तोडताना मधला पांढरा गाभा झुडपावरच राहतो आणि फळ आतून पोकळ निघतं. ब्लॅकबेरी गाभ्यासकट येते. म्हणून उष्णतेत रास्पबेरी विरघळल्यासारखी होते, ब्लॅकबेरी आकार बऱ्यापैकी टिकवते. केकच्या आत पहिलीपेक्षा दुसरी चांगली. पहिली वरून पसरायला किंवा जॅमला.

पायमध्ये अडचण रसाची. साखर पडताच फळातलं पाणी परासरणाने बाहेर येतं आणि खालची पारी ओली राहते. बेऱ्या साखरेत अर्धा तास मुरवून, सुटलेला रस वेगळा काढून, तो आटवून परत घालणं हा मला सगळ्यांत खात्रीचा मार्ग वाटतो. पिठूळ पदार्थाने रस बांधायचा तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कॉर्नफ्लोअरचे, म्हणजे मक्याच्या स्टार्चचे, कण फुगायला साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि साखर जास्त असली की त्याहूनही वर जावं लागतं. म्हणून कडेला नव्हे, मधोमध बुडबुडे येईपर्यंत पाय भाजायचा. उलट फार वेळ उकळलं तर रानबेरीचं जादा आम्लच स्टार्चच्या साखळ्या तोडतं आणि दाट झालेला रस पुन्हा पातळ होतो. मग पूर्ण निवेपर्यंत सुरी लावायची नाही, कारण घट्टपणा खरा येतो तो थंड होताना. वाट पाहवत नाही, हे मान्य.

जॅमला स्टार्च लागत नाही. तिथे फळातलं पेक्टिन काम करतं. आंरी ब्राकोनो यांनी 1825 मध्ये त्याला हे नाव दिलं. पेक्टिनचे धागे एकमेकांना धरतात ते सामू 3 च्या आसपास असताना आणि साखर 60 ते 65 टक्क्यांपर्यंत पोहोचल्यावर. समुद्रसपाटीला मिश्रण 104-105 अंशांवर उकळू लागलं की तेवढी साखर झाली असं समजावं. फळ पिकत जातं तसं त्याची स्वतःची विकरं (एन्झाइम) पेक्टिन तोडत जातात, म्हणून पाव भाग किंचित कच्ची फळं मिसळण्याची जुनी रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

वासाचा मुद्दा राहिला, आणि तिथे मी ओव्हनच्या विरोधात आहे. रानस्ट्रॉबेरी घ्या. तिच्या पेशीत 14 गुणसूत्रं, बागेतल्या स्ट्रॉबेरीत 56. बागेतली ही अठराव्या शतकात युरोपात दोन अमेरिकी जातींच्या संकरातून जन्मली. रानातलीत मिथाइल अँथ्रानिलेट हे सुगंधी द्रव्य असतं, जे लागवडीच्या बहुतेक वाणांत नाही. हे आणि असे इतर रेणू हलके, पटकन उडून जाणारे. अर्धा तास भाजल्यावर स्वयंपाकघर घमघमतं, म्हणजे केकमधला तेवढा वास गेलाच. थोडं फळ शिजवावं आणि मूठभर कच्चंच ठेवून निवलेल्या केकवर घालावं. तोडतानाच पिकलेलं तेवढंच घ्यावं, हेही आलं: या फळांत साखर बनवायला स्टार्चचा साठा नसतो, त्यामुळे घरी आणून ती मऊ होतील, गडद होतील, गोड होणार नाहीत.

ओळख पटल्याशिवाय कुठलंही रानफळ तोंडात घालू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. बेलाडोनाची काळी चमकदार फळंही आकर्षक असतात, आणि त्यांत ॲट्रोपिन हे विष असतं. एल्डरबेरी कच्ची खाऊ नये. तिच्यात सायनाइड सोडणारी संयुगं असतात आणि पानं-देठांत ती जास्त. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात पानं-देठांसकट काढलेला कच्चा रस प्यायल्याने आठ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. देठ काढून फळं नीट शिजवली की ती खाण्याजोगी होतात.

हंगाम थोडका, तेव्हा फळ गोठवणं आलंच. सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात आणि वितळताना सगळा रस वाहून जातो. बेऱ्या कोरड्या करून ताटात एकेरी थरात पसरून गोठवाव्यात, मग पिशवीत भराव्यात. केकमध्ये घालताना वितळवू नयेत, थेट गोठलेल्याच मिसळाव्यात आणि भाजण्याला काही मिनिटं जास्त द्यावीत, कारण बर्फ वितळवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. लहान बेरी इथेही फायद्यात राहते: ती लवकर गोठते, त्यामुळे तिच्यातले स्फटिकही लहान राहतात.