आधी अक्षरे, मग लिनक्स

१९९० च्या दशकात बीजिंगच्या झोंगगुआनचुन बाजारात विंडोजची चोरटी सीडी किरकोळ पैशांत मिळे. विंडोजच जिथे फुकटात पडते, तिथे फुकट मिळते म्हणून लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली कोण घेणार? चिनी भाषकांमधल्या मुक्तस्रोताचा, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचा, इतिहास वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

पहिली अडचण लिपीची होती. तैवानमध्ये पारंपरिक अक्षरे आणि १९८४ पासूनचे बिग-फाइव्ह संकेतन (अक्षरांना संगणकासाठी आकडे नेमून देण्याची पद्धत), तर चीनच्या मुख्य भूमीवर सुलभीकृत अक्षरे आणि ६,७६३ चिनी अक्षरांचे जीबी २३१२ हे संकेतन. इकडची फाइल तिकडे उघडली की पडद्यावर नुसता कचरा. त्याला चिनीत ‘लुआनमा’ म्हणतात. (एका फाँटमधला मराठी मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडून पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.) तैवानच्या हौशी मंडळींनी ‘सीएलई’ प्रकल्पातून लिनक्सला चिनी शिकवले, चिनी टंकनासाठी ‘एक्ससिन’ हे सॉफ्टवेअर आले. पण फाँटचे काय? बिग-फाइव्हमध्ये १३ हजारांवर अक्षरे, ती फावल्या वेळात काढून होत नाहीत. १९९९ मध्ये तैवानच्या आर्फिक कंपनीने चार फाँट मुक्त परवान्याखाली देऊन टाकले, दोन पारंपरिक आणि दोन सुलभीकृत. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत मोलाची देणगी, पण तिची आठवण फारसे कोणी काढत नाही.

मुख्य भूमीवर गाजावाजा झाला तो ‘रेड फ्लॅग लिनक्स’ या देशी लिनक्सचा. चिनी विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेतून ते निघाले, सरकारी पाठबळही होते. मात्र लोकांचे खेळ विंडोजवर आणि बँकांची संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररवर चालत. २०१४ मध्ये कंपनीला टाळे लागले.

लिनक्सने खरे बस्तान बसवले ते सर्व्हरवर, कोणाच्या नजरेत न येता. चांगशा इथे झांग वेनसाँग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला ‘एलव्हीएस’ हा भारवाटपाचा (येणारे काम अनेक सर्व्हरवर वाटून देण्याचा) प्रकल्प पुढे लिनक्सच्या गाभ्यात गेला आणि ते स्वतः अलीबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीत. अलीबाबाने आयबीएमची यंत्रे, ओरॅकलचा डेटाबेस आणि ईएमसीची साठवण या तिन्हींना रजा देण्याची मोहीमच काढली. २०१३ मध्ये तिथले शेवटचे आयबीएम मिनीकॉम्प्युटर बंद झाले. पैशाचा हिशेब खरा ठरला तो इथेच: घरच्या संगणकावर चोरटी प्रत खपते, हजारो सर्व्हरवर नाही.

त्याच वर्षी जानेवारीत चीनमध्ये गिटहब हे कोड साठवण्या-वाटण्याचे अमेरिकी संकेतस्थळ काही दिवस रोखले गेले आणि अभियंते खवळले. ‘गिटी’ हे कोडचे देशी भांडार २०१३ चेच. पण चीनचे धोरण पालटले ते मे २०१९ मध्ये, अमेरिकेने हुआवे या चिनी फोन कंपनीवर निर्बंध घातले तेव्हा. अँड्रॉइडचा मूळ कोड सर्वांना खुला होता, नव्या फोनमध्ये गूगलची ॲप्स टाकायची मुभा तेवढी गेली. डिसेंबरात हुआवेने ‘ओपनऑयलर’ हे आपले लिनक्स खुले केले. २०२० मध्ये ‘ओपनॲटम’ हे मुक्तस्रोत प्रकल्पांचे चिनी प्रतिष्ठान उभे राहिले. त्याच वर्षी ‘मुलान’ या चिनी मुक्तस्रोत परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीला असे परवाने तपासणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची मान्यता मिळाली. हा परवाना चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. दोन्ही मजकुरांत तफावत आढळली, तर चिनी मजकूर ग्राह्य धरावा, असे त्यातच लिहून ठेवले आहे.