बिनगिअरची म्हणू नका

रविवारी सकाळी नाशिकच्या त्र्यंबक रोडला मिसळ खायला गेलो होतो. बाहेर एक मॅक्सी स्कूटर उभी होती: पुढे उंच काच, ऐसपैस सीट, 14 इंची चाकं. आमच्यातल्या बुलेटवाल्याने रस्सा ओतून घेता घेता निकाल दिला, "दीड लाख घालून बिनगिअरची गाडी? मुंबईहून येताना कसारा घाटात रडेल."

हा समज जुना आहे. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, तेव्हा चेतकवालेही असंच नाक मुरडायचे. आता एरॉक्स 155, झूम 160 अशा गाड्या इथे मिळतात; परदेशात तर 292 सीसीची एक्समॅक्स आणि बर्गमन 400 घेऊन लोक रोज ऑफिसला जातात आणि सुट्टीत लांब फिरतातही. (आपल्याकडची बर्गमन स्ट्रीट 125 सीसीची आहे. रूप थोरल्या बहिणीचं, ताकद नेहमीच्या स्कूटरची.)

मुळात 'गिअरलेस' हे नावच फसवं. मागच्या चाकाजवळच्या डबीत दाते असलेले गिअर असतातच, म्हणून तर सर्व्हिसिंगला गिअर ऑइल बदलतात. नसतो तो आपण बदलायचा गिअर. ते काम व्हेरिएटर, म्हणजे आपोआप रुंद-अरुंद होणाऱ्या पुलींची रचना करते, आणि माझा जीव तिच्यावर आहे.

डाव्या बाजूचं लांबट झाकण उघडलं की दोन पुली दिसतात. एक इंजिनाच्या क्रँकवर, दुसरी मागच्या चाकाकडे, मध्ये रबरी व्ही-बेल्ट. पुली म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन बशा समजा. बशा जवळ आल्या की मधली खाच अरुंद होते आणि बेल्ट काठाकडे चढतो. दूर गेल्या की आत बुडतो. बेल्टची लांबी ठरलेली, त्यामुळे पुढे चढला तर मागे त्याला बुडावंच लागतं.

पुढच्या सरकत्या बशीमागे, उतरत्या खाचांत, बहुधा सहा रोलर असतात. आमच्या मेकॅनिकने एकदा काढून माझ्या तळहातावर ठेवले. सुपारीएवढे, आणि एका बाजूने झिजून चपटे झालेले. इंजिन फिरलं की हे रोलर बाहेर फेकले जातात आणि बशीला दुसऱ्या बशीकडे रेटतात. पण एवढीशी सुपारी बशी कशी हलवते? धरा, रोलर 12 ग्रॅमचा, अक्षापासून 4 सेंटीमीटरवर, आणि इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेतंय. म्हणजे कोनीय वेग सेकंदाला 628 रेडियन. अपकेंद्री बल म्हणजे वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. उत्तर येतं सुमारे 190 न्यूटन, म्हणजे 19 किलोचा रेटा. सहांचा मिळून 116 किलो! 72 ग्रॅमच्या ऐवजातून कांद्याच्या दोन गोण्यांहून जास्त. फेरे निम्मे केले तर रेटा निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो: 29 किलो. (अपकेंद्री बल आभासी असतं हे मला ठाऊक आहे, फिजिक्सच्या बाईंनी माफ करावं. रोलरबरोबर फिरणाऱ्याला ते खरंच वाटतं.)

खरी गंमत मागच्या पुलीत आहे. तिथे बशांना जवळ दाबणारी स्प्रिंग असते आणि तिरप्या खाचांचा टॉर्क कॅम. नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढताना चाकावर भार आला की सरकती बशी त्या खाचेत पिळली जाते, बेल्टला चिमटते आणि काठाकडे ढकलते. मागची त्रिज्या वाढली, पुढची घटली, म्हणजेच गिअर उतरला. नुसत्या तिरप्या खाचेने चढ ओळखला! बुलेटची घाटात दुसऱ्यात ओरड आणि तिसऱ्यात दमछाक होते. इथे दुसरा आणि तिसरा यांच्या मधलं प्रत्येक गुणोत्तर हाताशी असतं.

फुकट काहीच नाही. बेल्ट तापतो, थोडा घसरतो, त्यात ऊर्जा वाया जाते. साखळी याबाबत सरस. साधारण 20 ते 25 हजार किलोमीटरला बेल्ट बदलावाही लागतो. मायलेज वाढवायला पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं. पेट्रोलला चुंबकाचं सोयरसुतक नाही. पुढे टांगलेल्या लिंबू-मिरचीचं चढाला जेवढं असतं, तेवढंच.

चढाची काळजी नको, उताराची घ्या. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, म्हणजे मुंबईला जाताना कसारा उतरणं आलंच. थ्रॉटल पूर्ण सोडून हळू उतरलात की इंजिनाचे फेरे पडतात, आपोआप चालणाऱ्या क्लचचे शू (फेऱ्यांच्या जोराने बाहेर फाकून पकड घेणारे तुकडे) आत मिटतात आणि चाक इंजिनापासून सुटतं. मग सगळा भार एकट्या ब्रेकवर, आणि ब्रेक तापतात. अशा वेळी किंचित थ्रॉटल द्यायचा. क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन गाडीला मागे ओढू लागतं.

हे सगळं मी पाव संपेपर्यंत सांगितलं. बुलेटवाला म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण आवाज मिक्सरसारखा येतो." येतोच. वेग वाढत असताना फेरे एका जागी धरून ठेवायचे, हेच तर व्हेरिएटरचं काम. पण मिक्सरबद्दल मी वाद घातला नाही.